पडद्यावरची पाठमोरी मुलगी

आमचे जावई बातम्यांच्या चॅनेलवर कॅमेरामन आहेत. ते स्वतः कधी टीव्हीवर दिसत नाहीत. माइक धरलेली बातमीदार बाई दिसते, मागे जमलेली माणसं दिसतात, हात हलवणारी पोरं दिसतात. ज्या खांद्यामुळे हे सगळं दिसतं, तो खांदा तेवढा दिसत नाही.

तो मी पाहिलाय. उजवा डाव्यापेक्षा खाली उतरलाय. मी जन्मभर भिंतींना गिलावा केला, माझाही तसाच आहे. शिंपी आम्हा दोघांना एकाच कारणासाठी शिव्या देत असणार.

एकदा त्यांचा कॅमेरा मी उचलून पाहिला. वजन फार नाही, सिमेंटच्या पोत्यापुढे काहीच नाही. पण पोतं उचलायचं, न्यायचं आणि टाकून मोकळं व्हायचं. कॅमेरा उचलून नुसतं उभं राहायचं, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण संपेपर्यंत. नाकावर माशी बसली तरी चित्र हलायला नको. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि मुकाट्याने परत दिला. ऑफिसात त्यांना 'स्टँड' म्हणतात. चिडवायला ठेवलेलं नाव आहे, पण फुकट मिळालेलं नाही.

रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते कॅमेरा नेत नाहीत. त्याच्या हातांवर नेतात, दाराशी काढलेल्या चपलांवर नेतात. यावरून साहेबांनी त्यांना कितीदा तरी झापलंय. "स्टँड, लोकांना चपला बघायच्यात का?" जावई "नाही साहेब" म्हणतात आणि पुढच्या वेळी पुन्हा चपलाच आणतात.

आता मूळ गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या मुलाला वर्गातल्या पोरांनी फोनवरून छळल्याची बातमी आली. बातमी मोठी, पण दाखवायला काही नाही. आग लागली तर आग दाखवता येते, पूर आला तर पाणी. हे सगळं घडतं फोनच्या आत, पांघरुणाखाली. त्या मुलाच्या घरी कॅमेरा न्यायला जावयांनी नकार दिला. मग चित्र आणायचं कुठून?

ते दुपारी जेवायला घरी आले आणि आमच्या नातीला पलंगावर बसवलं. तिला घरात आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती सारखं काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असे. पडदे ओढले, तिच्या हातात फोन दिला, अंगात आमच्या लेकीची जुनी हुडी चढवली. ती हुडी पाठीवर खिळ्याला अडकून फाटली होती आणि तिथे लेकीने पिवळ्या कापडाचा मासा शिवला होता. निळसर अंधारात तो मासा छान उठून दिसत होता. कॅमेरावाल्याला मोह पडला. चेहरा तर घ्यायचाच नव्हता, आणि पाठीवरून कोण कुणाला ओळखतो?

मुंगीला तो खेळ वाटला. तिला आइस्क्रीम मिळालं, चॅनेलला क्लिप मिळाली.

क्लिप चांगली होती, तिथेच घोटाळा झाला. वाईट असती तर एकदा चालून पडून राहिली असती. ही लायब्ररीत गेली. लायब्ररी म्हणजे चॅनेलवर जुनी चित्रं सांभाळून ठेवतात ती जागा. मुलांच्या छळाची कुठलीही बातमी आली की तिथून हीच मुलगी बाहेर काढायची. गाव वेगळं, शाळा वेगळी, कधी तर बातमीत मुलगा, पण पडद्यावर पाठमोरी बसलेली आमची मुंगी. खालच्या कोपऱ्यात 'प्रातिनिधिक दृश्य' अशी बारीक अक्षरं होती. पुढे चॅनेलने खालची धावती पट्टी रुंद केली आणि अक्षरं तिच्याखाली गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. जावयांच्याही नाही. घरी आल्यावर ते बातम्या बघत नाहीत. गवंडी सुट्टीच्या दिवशी भिंती बघत फिरत नाही, तसंच.

यंदा दुसऱ्या शहरातलं असंच एक प्रकरण उघड झालं आणि चॅनेलने ते लावून धरलं. घुमणारं संगीत, लाल अक्षरं, "तुमचं मूल सुरक्षित आहे का?" असं दरडावून विचारणारी निवेदिका, आणि तिच्या बाजूच्या चौकटीत पुन्हा पुन्हा तीच पाठ, तोच पिवळा मासा.

हुडी आता मुंगीच्या मापाची झाली होती. ती घालूनच ती शाळेत जायची.

मला कळलं ते असं. मी टीव्ही लावून बसलो होतो. ती आली आणि तिने टीव्ही बंद केला.

"अगं, बघत होतो मी."

"काय बघायचंय त्यात? मीच आहे."

मग हळूहळू बाहेर पडलं. वर्गातल्या कुणीतरी मासा ओळखला होता. ही बघा, टीव्हीवरची बिचारी! तिचं नाव पडलं ब्रेकिंग. वर्गात शिरली की मागून आवाज, "आत्ताची मोठी बातमी, ब्रेकिंग आली." तिच्या पाठीचा फोटो काढून त्यावर 'मला वाचवा' लिहिलं आणि वर्गाच्या ग्रुपवर फिरवलं. सकाळी गुड मॉर्निंगच्या जागी तेच चित्र. ती ग्रुपमधून बाहेर पडली, तर पोरांनी लिहिलं, "पीडितेचा संपर्क तुटला."

छळाची बातमी दाखवता दाखवता चॅनेलने नवीन छळ तयार करून दिला होता, तोही घरपोच.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. तुम्हीही सांगू नका, आजोबा. त्यांची सगळ्यात चांगली क्लिप आहे ती. ते स्वतःच म्हणाले होते."

तिने हुडी कपाटाच्या तळाशी कोंबली होती. रोज सकाळी शाळेच्या वेळी तिचं पोट दुखायचं, ते का, हेही मला तेव्हा उमगलं.

मी तिचं ऐकलं नाही. शनिवारी सकाळी जावयांना चहाच्या वेळी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग उठून लायब्ररीतल्या बाईंना फोन लावला. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांचा आवाज एवढा खणखणीत की आमच्या लेकीला स्वयंपाकघरातून ऐकू येत होता.

"अरे स्टँड, काढते की! माझ्या काय बापाची आहे? पण आज सातला याच विषयावर तासभर चर्चा आहे. सुरुवातीलाच ही लावलीय. काढली तर तिथे काय लावू, माझा फोटो?"

"दुसरी देतो."

"सहाच्या आत दे. आणि नुसता टेबलावर पडलेला फोन देऊ नकोस. तसले ढीगभर आहेत. माणूस पाहिजे."

मग साहेबांना फोन केला. कोपऱ्यातली अक्षरं पट्टीखाली जातात, ती वर घ्या.

"वर आपला लोगो आहे."

"लोगोच्या खाली घ्या, साहेब."

"बरं दिसणार नाही रे."

"साहेब, ती माझी मुलगी आहे." मग साहेब म्हणाले, "घेतो."

आता माणूस कुठून आणायचा? लेक म्हणाली, शेजारच्यांचा धाकटा आहे, चॉकलेटवर तयार होईल. जावई म्हणाले, "कुणाचंही मूल नको. आता नाही."

"मग मी बसतो," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मी अंगाने काटकुळा, उंचीने बेताचा, पाठीत वाकलेला. पाठमोरा बसलो, डोक्यावर टोपी ओढली, तर वय कुठे दिसणार? आणि मला चिडवायला वर्ग तरी कुठे आहे?

लेक हसून बेजार झाली. "बाबा, या वयात शाळेत जाणार?" पण तिने करडी, बिनमाशाची हुडी शोधून आणली. जावयांनी पडदे ओढले, छोटा दिवा हातात घेऊन कोन बघितला. दिवा समोरून धरला तर पाठ सपाट दिसत होती. त्यांनी तो बाजूला नेला. गिलाव्यातले उंचवटे बघायला आम्हीही दिवा असाच धरायचो. मी तसं म्हणालो, ते म्हणाले, "म्हणजे तुमचेही उंचवटे दिसणार, बाबा. खांदा सरळ करा."

मी फोन घेऊन बसलो, मान खाली घातली, खांदे थोडे हलवले. मला वाटलं, दुःखी दिसायला हवं.

मुंगी दारात उभी होती. "आजोबा, रडल्यासारखं करू नका."

"मग कसं करू?"

ती जवळ आली. माझी बोटं सिमेंटने खाल्लेली, ती तिने बाहीत ढकलली. फोन थोडा दूर सरकवला. "असा. जवळ धरत नाही तेव्हा. आणि रडत नाही कुणी. नुसतं बघत बसतो. अजून काय येतंय ते बघत. हलायचंच नाही. हललं की आई विचारते, काय झालं."

मी हललो नाही.

"चित्र हललं," थोड्या वेळाने जावई म्हणाले. "पुन्हा घेऊ."

मी जागचा हललो नव्हतो. हलला होता तो कॅमेरा. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून तसं झालेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगायचंस ना मला." ती म्हणाली, "चांगली होती ती क्लिप." ते म्हणाले, "खड्ड्यात गेली क्लिप." मग पुन्हा कॅमेरा उचलला. या वेळी चित्र हललं नाही. पण त्यांना पसंत पडेपर्यंत मला इतका वेळ बसवलं की उठताना लेकीच्या हाताचा आधार घ्यावा लागला. कष्टाशिवाय बसता येतं हा माझा समज गेला.

सातला आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. मावशींनी शब्द पाळला होता. करड्या हुडीतली पाठ आली. लोगोच्या खाली अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. निवेदिकेने आवाज खाली आणून विचारलं, "या कोवळ्या वयात मुलांच्या मनात नेमकं चालतं तरी काय?"

मुंगी माझ्याकडे वळली. "सांगा आजोबा, काय चालतं?"

"कंबर दुखते," मी म्हणालो.

ती हसली. पोट धरून, सोफ्यावर आडवी होऊन. ते हसू घरात बऱ्याच दिवसांनी ऐकलं. जावयांनी मात्र पडद्यावरची नजर काढली नाही. प्रत्येक वेळी क्लिप आली की ते कोपरे तपासत होते.

यामुळे सगळं मिटलं असं नाही. क्लिप लायब्ररीतून गेली, पोरांच्या फोनमधून कशी जाणार? लेक आणि जावई शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले, ग्रुपवरची चित्रं दाखवली. बाईंनी दोन-तीन पालकांना बोलावलं. थोडा फरक पडला, थोडा नाही.

सोमवारी मुंगीने कपाटाच्या तळातून हुडी काढली. चुरगळलेली होती, तशीच घातली. आई म्हणाली, इस्त्री तरी कर. ती म्हणाली, उशीर होतोय.

संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाली पोरं?"

"एक जण म्हणाला, ब्रेकिंग, तू दिसली नाहीस टीव्हीवर, नोकरी गेली का?"

"मग?"

"म्हटलं, आजोबांना दिली. कुणाचा विश्वासच बसेना. मग त्यांनी क्लिप लावून पुन्हा पुन्हा बघितली. आजोबा, तुमची एक बाही वर सरकलीय. अंगठा दिसतो."

"मग आता?"

"आता काय, सगळ्यांना तुम्हाला भेटायचंय." दप्तर टाकून ती हात धुवायला गेली. पाठीवरचा मासा एका टोकाने उसवला होता. मी लेकीला हाक मारून सुई-दोरा आणायला सांगितलं.