गाडी चालूच होती

ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्या वर्षी आमची गाडी चौदा वर्षांची होती. जपानी बनावटीची हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन एक आणि बॅटरीवर चालणारी मोटर दुसरी. मुंबईच्या एका गृहस्थांकडून ह्यांनी ती जुनीच घेतली होती. नाशकातले गॅरेजवाले तेव्हा तिला हात लावायला कचरत. ह्यांची सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात गेलेली. ते म्हणाले, "कोणी नाही केलं तर मी करीन." आणि करत राहिले. वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुना बनियन घालून ते गाडीखाली शिरायचे आणि इंजिन ऑइल बदलायचे. मी वरून चहा घेऊन जायची. माझा त्या कामाशी संबंध एवढाच.

झटक्यात त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. वाचाही गेली. सगळं समजायचं, पण बोलायला जावं तर तोंडातून एकच शब्द यायचा, "बरं." भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, राग आला तरी बरं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "शब्दाकडे लक्ष देऊ नका. आवाज कसा येतोय ते ऐका, चेहरा बघा." मी मान डोलावली. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ऐकण्यापेक्षा सांगण्याचीच सवय जास्त.

व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागे. रिक्षात चढवायचं म्हणजे दोन माणसं लागत. म्हणून मी गाडी चालवायला लागले. गिअर नसल्यामुळे जमलं. वर्ष असंच गेलं. मग एके दिवशी सिग्नलवर थांबले असताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. शेजारी बसलेल्या ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. घरी येऊन मी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली तर टोकाला जेमतेम काळा थेंब होता. वर्षभर कोणी ऑइलकडे बघितलंच नव्हतं.

तात्पुरतं थोडं ऑइल घालून मी द्वारका चौकाजवळच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाडी म्हातारी झालीये. आता जाड ऑइल टाका. पातळ टाकाल तर पिऊन टाकेल." गाडीच्या पुस्तकात तर सगळ्यात पातळ ऑइल लिहिलेलं. मला ठरवता येईना. शेवटी मी दोन्ही डबे घेतले आणि नको असलेला परत आणून देईन असं सांगितलं.

घरी दोन बशांमध्ये दोन्ही ऑइलं थोडी थोडी ओतली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डाव्या हाताचं बोट एका बशीत बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, मग दुसऱ्या बशीत. जाड ऑइलची बशी त्यांनी हळूच बाजूला सारली. पातळ ऑइल बोटांवर बराच वेळ चोळत राहिले आणि माझ्याकडे बघून हसले. झटक्यानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. त्यांनी एकदा मला समजावलेलं आठवलं. ह्या गाडीचं इंजिन रस्त्याने जाताना सारखं बंद होतं आणि सारखं चालू होतं. दर वेळी ऑइल पटकन वर चढायला हवं. जाड ऑइलला तेवढी घाई जमत नाही.

"मीच बदलते," मी म्हणाले. "तुम्ही शेजारी बसून सांगा."

"बरं," ते म्हणाले. तेव्हाचं बरं खरंच बरं होतं.

चैत्रातला रविवार होता. सकाळी दहालाच ऊन तापलेलं. ऑइल थोडं गरम असलं की चटकन वाहतं, म्हणून ते आधी एक फेरी मारून यायचे. मीही ह्यांना घेऊन पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी पूर्वी केलेले दोन लाकडी उतार मी चाकांपुढे ठेवले आणि गाडी वर चढवली. वॉचमनने मागे दगड लावले आणि तो फाटकाकडे गेला. त्याला परत हाक मारून ह्यांना खाली उतरवणं माझ्या जिवावर आलं. शिवाय बाहेर उकडत होतं. मी त्यांना गाडीतच बसू दिलं. एका बाजूला कलू नयेत म्हणून पट्टा बांधलेला ठेवला आणि एसी चालू ठेवला. इंजिन आपोआप केव्हाच बंद झालं होतं. गाडी अगदी शांत होती. मला वाटलं, इंजिन बंद आहे म्हणजे झालं.

पूर्वी गाडीखाली शिरण्याआधी ते गाडी पूर्ण बंद करून किल्ली खिशात ठेवायचे आणि खिशाचं बटण लावायचे. मी ती त्यांची सवय समजत होते.

मी खाली सरकले. घमेलं लावलं, पाना नटावर बसवला. दोनदा हात घसरला, तिसऱ्यांदा नट फिरला. काळं, कोमट ऑइल घमेल्यात पडू लागलं. मला फार आनंद झाला. साठीच्या जवळ आलेली बाई, साडीऐवजी लेकीचा जुना ड्रेस घालून गाडीखाली झोपलेली. मी ओरडून सांगितलं, "अहो, निघालं!"

वरून आवाज आला, "बरं."

"सगळं निथळू दे. मग नवीन टाकते."

"बरं, बरं."

"हो हो, झालंच."

मग काचेवर थापा पडू लागल्या. "बरं! बरं, बरं!" मला वाटलं, कंटाळले. पाठ अवघडली असेल. मी म्हणाले, "पाच मिनिटं बसा हो. दर वेळी घाई कशाला?" थापा थांबेनात. माझा आवाज चढला. "ऐकू येतंय मला. गप्प बसा जरा."

त्यानंतर बहुधा मिनिटही गेलं नसेल. माझ्या डोक्यावरचं इंजिन थरथरलं आणि सुरू झालं.

एसीने बॅटरी उतरली होती. बॅटरी उतरली की ही गाडी कोणालाही न विचारता इंजिन चालू करते. आत ऑइलचा थेंब नव्हता. धातूवर धातू घासल्याचा आवाज अगदी माझ्या कानाजवळ येत होता. मी बाहेर सरकायला लागले तर ड्रेस अडकला. तो फाडून, गुडघे सोलून निघाले, पलीकडच्या दाराने आत हात घातला आणि गाडी बंद करायचं बटण दाबलं.

ह्यांचा डावा हात कमरेच्या पट्ट्याच्या खटक्यावर होता. पट्टा त्यांना सुटत नव्हता. सुटला असता तरी बटण स्टिअरिंगच्या पलीकडे होतं. ते रडत होते. तोंडाने अजून तोच शब्द चालला होता, पण आता अगदी हळू.

मी नट बसवला, नवीन ऑइल ओतलं. पुस्तकात लिहिलं होतं तेवढंच, मापाने. गाडी चालू केली. आतून ठोके ऐकू येत होते. कोणी पत्र्यावर हातोडी मारावी तसे. ह्यांनी मान खिडकीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी एक मेकॅनिक घरी आला. त्याने इंजिन ऐकलं, खाली वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, ऑइल नसताना चालली होती का गाडी?"

ह्यांची व्हीलचेअर तिथेच, चार हातांवर होती.

"नाही," मी म्हणाले. "अचानकच आवाज यायला लागला."

"बेअरिंग गेलीयेत. इंजिन बदलावं लागेल. ह्या गाडीचं आता मिळणं अवघड."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. पण ते माझ्याकडे बघत होते, हे कळत होतं. ती नजर गालावर कुठे पडली होती, ते मला अजून दाखवता येईल.

गाडी तीन आठवडे तशीच उभी राहिली आणि मग टोइंगवाल्यांनी ती नेली. पुण्याहून लेकीचा फोन आला. तिलाही मी तेच सांगितलं, जुनं इंजिन, गेलं. पुन्हा रिक्षा सुरू झाली, पुन्हा दोन माणसं. दवाखान्याच्या फेऱ्या तीनावरून दोनवर आल्या, मग एकावर. ह्यांचा पाय जेवढा सुधारला होता तेवढा पुन्हा आखडला. मॅडमकडे गेले की ते बोलायचा प्रयत्न करायचे, घरी मात्र तोंड मिटलेलं. भरवताना मी विचारायचे, "अजून देऊ?" तर नुसती मान हलायची.

एका दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसून म्हणाले, "मी ऐकलं नाही. चूक माझी होती. मेकॅनिकशी खोटं बोलले, तेही चुकलं." त्यांनी डोळे मिटून घेतले. ते ऐकून मिटले की झोपेने, मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

भाद्रपदात न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले.

चौदाव्या दिवशी लेक परत निघाली. बॅग भरता भरता म्हणाली, "आई, गाडी असती तर बाबांना शेवटी इतका त्रास झाला नसता ना?" मी तिला खाली बसवलं आणि त्या रविवारचं सगळं सांगितलं. थापा, त्यांचा पट्टा, माझं "गप्प बसा". बॅगेतला एक टॉवेल काढून तिने त्याची पुन्हा घडी घातली.

"बाबा तुला अडवत होते," ती म्हणाली.

"हो."

तिने बॅगेची चेन लावली. जाताना नेहमीसारखी माझ्या पाया पडली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिले.