साडूच्या मामांचं बेकारीचं कार्ड

नोकरी जाण्याची इतकी जय्यत तयारी करून ठेवलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लोक लग्नाची तयारी करतात, बाळंतपणाची करतात, फार दूरदृष्टीची माणसं म्हातारपणाचीही करतात; पण माझ्या थोरल्या साडूचे मामा हाताला भक्कम नोकरी असताना रोज थोडी थोडी बेकारीची तयारी करत. सौदीत यान्बूला आम्ही एकाच कंपनीत होतो. मी टाइमकीपर, ते पाइप फिटर. नातं तसं लांबचं, पण परक्या मुलखात साडूचा मामा हा सख्ख्या मामाच्या वरचढ असतो. बघता बघता ते सगळ्या कॅम्पचे मामा झाले. मेसमधला केरळी आचारीसुद्धा त्यांना मामाच म्हणायचा.

मामांचं नाव आमच्या जिल्ह्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये बेकार म्हणून नोंदलेलं होतं. आयटीआय करून बाहेर पडल्या पडल्या नोंदवलेलं, आणि पुढे आधी मुंबईत, मग सौदीत व्यवस्थित पगार घेत असतानाही त्यांनी ते जिवंत ठेवलं होतं. आखातातून सुट्टीवर आलेली माणसं आधी ग्रामदेवतेला नारळ देतात. मामा टॅक्सी एक्स्चेंजच्या दारात उभी करायला लावत. न्यायला आलेल्या मामी ब्लँकेटांच्या गठ्ठ्याला टेकून आत बसलेल्या, आणि मामा काळा चष्मा, सोनेरी घड्याळ, अंगाला अत्तराचा घमघमाट अशा थाटात बेकारांच्या रांगेत. कार्ड रिन्यू झालं, शिक्का पडला, की मगच घर. सरकार आज ना उद्या बेकारांना भत्ता सुरू करणार आणि तेव्हा नंबर ज्येष्ठतेनं लागणार, अशी त्यांची खात्री होती. "माझ्याइतको जुनो बेकार अख्ख्या जिल्ह्यात गावचो नाय," असं ते छाती पुढे काढून सांगत.

कुठल्याही देशाचा माणूस भेटला की नावगाव विचारण्याआधी मामा त्याला विचारत, नोकरी गेली तर तुझं सरकार तुला काय देतं? फिलिपिनो इलेक्ट्रिशियन नुसता हसला. पाकिस्तानी वेल्डरनं बोट आभाळाकडे केलं. पण एकदा इंग्रज सुपरवायझरनं सांगितलं की त्याच्याकडे बेकाराला घरबसल्या पैसे मिळतात, आणि मामांच्या हातातला पाना तसाच राहिला. त्या दिवसापासून ते त्या साहेबाकडे देवमाणूस म्हणून पाहू लागले. साहेबानं पुढे बरंच सांगितलं होतं, की बाहेरदेशी नोकरी गेली तर आधी परत जाऊन आपण तिथलेच रहिवासी आहोत हे दाखवावं लागतं, मग चौकशी होते, आणि नोकरी स्वतःहून सोडली असेल तर घोडं अडतं. मामांनी त्यातलं शेवटचं तेवढं उचललं. आपणहून सोडायची नाही, त्यांनी काढलं पाहिजे. हा त्यांचा गुरुमंत्र झाला आणि तो ते नव्या माणसाला चहाबरोबर देऊ लागले.

मग इराकनं कुवेत घेतलं. यान्बू पडलं तांबड्या समुद्राच्या काठी, लढाईच्या पार दुसऱ्या टोकाला. पण भीतीला भूगोल कळत नाही. रियाधवर रॉकेटं पडल्याचं रेडिओवर ऐकून आमच्या कॅम्पातली माणसं पलंगाखाली डोकावून जागा बघून ठेवायची. ज्यांना जायचंय त्यांनी राजीनामा देऊन जावं, असं कंपनीनं जाहीर केलं. कितीतरी जण गेले. मामा हलले नाहीत. कुवेतहून परतलेल्यांना भरपाई मिळणार, असं ऐकल्यावर तर ते यान्बूवरच रुसले. इतकं मोठं युद्ध, आणि आपल्याकडे साधी काच फुटू नये, मग पुरावा काय दाखवायचा, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही पोट धरून हसायचो. पण हसताना सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. गावी मामांचं चिऱ्याचं घर भिंतींपर्यंत येऊन थांबलं होतं. वर स्लॅब पडायचा होता. आणि पन्नाशी ओलांडलेल्या फिटरला ही नोकरी गेली तर दुसरा व्हिसा कोणी देणार नव्हतं.

एके दिवशी कामच बंद पडलं. ज्यांना काढलं त्यांत मामा होते आणि मीही होतो. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, जमा करा, पासपोर्ट घ्या, खलास. माझं लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. मी जेवण टाकून पडून राहिलो. मामा मात्र मेसमध्ये घुसले आणि आचाऱ्याला बाजूला सारून त्यांनी शेवयांची खीर केली. पोरगा पहिला आल्यासारखी ती कॅम्पभर वाटली. मग माझ्याजवळ बसून मला समजावू लागले, की आपण आता नियमात बसतो, आपणहून सोडलेली नाही, भत्ता सुरू झाला की पहिला नंबर माझा आणि माझ्या ओळखीनं दुसरा तुझा. ते इतकं मन लावून सांगत होते की मी दोन वाट्या खीर खाल्ली. उठताना पाहिलं, त्यांची वाटी तशीच होती.

गावी आल्यावर मी त्यांच्याबरोबर एक्स्चेंजमध्ये गेलो. कारकून त्यांना चांगला ओळखत होता. मामा म्हणाले, आता मी खरोखरचा बेकार झालोय. कारकुनानं त्यांच्या सोनेरी घड्याळाकडे पाहिलं, अत्तराचा वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "मग इतकी वर्षं कोण होतात?" तो मनुष्य वाईट नव्हता. असा भत्ता आपल्याकडे नाही, बाहेरून आलेल्यांना तर नाहीच नाही, हे त्यानं नीट समजावलं. मामांनी ऐकून घेतलं, कार्ड पुढे सरकवलं आणि शिक्का तेवढा मारून घेतला.

बाहेर चहा पिताना मीच चिडलो होतो. मामा बशीत चहा ओतत म्हणाले, "माका म्हायत होता रे. गेल्या सुट्टीत ह्याच सांगल्यान त्येना."

"मग कशाला हे सगळं?"

"झोप लागाक उशाक कायतरी व्हया मरे."

मला त्यांची ती खिरीची वाटी आठवली.

स्लॅब काही पडला नाही. मामांनी कौलं घातली आणि स्लॅबच्या घरात माणूस कसा भाजून निघतो, ते येणाऱ्याजाणाऱ्याला पटवत राहिले. मला पुन्हा व्हिसा मिळाला, अल खर्जच्या डेअरीचा. निघायच्या आदल्या दिवशी मामा मला धरून एक्स्चेंजमध्ये घेऊन गेले आणि व्हिसा खिशात असताना माझं नाव त्यांनी बेकार म्हणून नोंदवलं. अर्जही त्यांनीच भरला, तोही मला न विचारता.

पुढे दर सुट्टीत मामाही माझ्यामागे रांगेत उभे राहत आणि माझा शिक्का तपासून बघत. आता मामा नाहीत. मी सुट्टीवर आलो की टॅक्सी आधी तिथंच थांबते. बायको आत बसून कुरकुरते. मागच्या खेपेला खिडकीत नवीन मुलगी होती. सध्या काय करता, तिनं विचारलं. मी काळा चष्मा काढला आणि म्हणालो, बेकार. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिक्का मारला. कार्ड दाखवायला मी सवयीनं मागं वळलो, तर रांगेत सगळी अनोळखी पोरं उभी होती.