इस्त्रीखालचा कागद

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. चाळीस वर्षं शिवणकाम करतेय, पण माप चुकलं असं कधी तोंडातून निघालं नाही. कोट घट्ट झाला की मी गिऱ्हाइकालाच खालून वर बघते आणि म्हणते, "बाई, अंग भरलं हो तुमचं." बिचारी वरमते आणि मी गुपचूप शिवण उसवून देते. ही माझी खोड बाहेर खपली. घरात खपवली त्या दिवसाची मात्र अजून लाज वाटते.

आमचे हे एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचायला होते. दारोदार जायचं, आकडा टिपायचा, पुढचं दार. निवृत्त झाल्यावर माणसानं जरा पाय पसरून बसावं की नाही? यांनी वाचनालयातून नकाशे कसे काढावेत याचं पुस्तक आणलं आणि टेबलाशी शाळा मांडली. पट्टी, कंपास, तीन तऱ्हेच्या पेन्सिली. सुबक अक्षर यावं म्हणून पानंच्या पानं गिरवली. आणि मग काढायला काय घेतलं, तर ज्या वस्तीत मीटर वाचली तिचा नकाशा, तोही निव्वळ आठवणीतून. कुठलं मीटर जिन्याखाली, कुठलं कपाटामागे, कुठल्या दारात कुत्रं अंगावर यायचं, सगळं. कागद अर्थात माझ्या गुंडाळीतला, कापडाआधी कपड्यांचे खाके कापून बघायचा तपकिरी.

मी म्हणायची, "अहो, आता कोण विचारतंय तुम्हाला कुठलं मीटर कुठे आहे ते?"

"मी विचारतो की मलाच," हे म्हणायचे.

मला त्यातलं कळत नव्हतं असं नाही. यांचे थोरले भाऊ शेवटची चार वर्षं आमच्याकडे होते. शाळामास्तर माणूस, पण डोक्यातलं एकेक पुसत गेलं. मला विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" पाठच्या भावाला, म्हणजे यांना, म्हणायचे, "मीटर बघायला आलात का? या, या." यांनी त्यांना न्हाऊ घातलं, घास भरवले. भाऊजी गेले आणि यांच्या मनात धास्ती बसली. चष्मा सापडला नाही तरी चेहरा उतरायचा. उलट नकाशात एखादं विसरलेलं दार बरोबर बसलं, की स्वारी दिवसभर खुशीत. आठ महिने चाललं होतं ते.

त्या दिवशी थंडीनं कहर केला होता. शाळा, कचेऱ्या, सगळं बंद. नळाचं पाणी गोठलेलं, खिडकीच्या काचा आतून ओल्या. एकच हीटर, म्हणून आम्ही दोघं एकाच खोलीत, टेबलाच्या दोन टोकांना. मला डॉक्टरीणबाईंचा कोट बेतायचा होता. हे साठवलेलं बादलीभर पाणी तापवून आंघोळीला गेले तेवढ्यात मी इस्त्रीखालचा तपकिरी कागद ओढला. माझी जड लोखंडी इस्त्री तिथेच असते, खाली कागदही माझेच असतात. मापं टाकली, कात्री चालवली. दोन पुढचे भाग, पाठ, एक बाही. दुसरी बाही कापून उलटी केली. मागच्या बाजूला बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं, "बेकरी. मीटर आत, भट्टीच्या डावीकडे."

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. मी सगळे तुकडे चिंध्यांच्या पिशवीत कोंबले. म्हटलं, सांगू थोड्या वेळानं. गरम चहा पोटात जाऊ दे त्यांच्या, मग सांगू.

चहा झाला. यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "अगं, माझा नकाशा पाहिलास?"

"मला काय विचारता? ठेवला असेल तिथे असेल."

यांनी कपाट बघितलं, कपाटामागे बघितलं. पलंगाखाली वाकून पाहिलं, स्टुलावर चढून वरची फळी चाचपली. थंडीनं बोटं वाकडी झालेली, तरी परत पहिल्यापासून सुरुवात. मी मान खाली घालून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची काजं करत बसले. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कडा वळत होत्या म्हणून काल मी तो तुझ्या इस्त्रीखाली ठेवला होता. मला चांगलं आठवतंय."

बस, तेवढं म्हणायला हवं होतं मी. हो, ठेवला होतात. पण छे! गिऱ्हाइकाला लावायचा तोच सूर लागला. "इस्त्रीशी सकाळपासून मी काम करतेय. काही नव्हतं तिथे. हल्ली तुमचं लक्षच नसतं कशात. भाऊजींचंही असंच सुरू झालं होतं."

बोलून गेले.  यांचं शोधणं थांबलं. खुर्चीत जाऊन बसले आणि हातांकडे बघत राहिले, किती तरी वेळ. मी नव्या कागदावर मापं टाकून डॉक्टरीणबाईंचं कापड कापलं आणि मशीन चालू केलं, कारण यांच्याकडे बघवेना. मनात म्हणत होते, आता सांग, या शिवणीनंतर सांग, ही बाही जोडून झाली की सांग. डॉक्टरीणबाईंचा अख्खा कोट उभा राहिला, पण माझं तोंड उघडलं नाही.

दुपार कलली तसे हे पुन्हा टेबलाशी आले. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली, काहीतरी लिहू लागले. मला वाटलं, चला, नवा नकाशा घेतला वाटतं. जीव भांड्यात पडला माझा, इतकी मी निर्लज्ज.

थोड्या वेळानं त्यांनी खुंटीवरचा आपला कोट आणून माझ्या पुढ्यात ठेवला. वर कापडाची एक पट्टी, माझ्याच कातरणांतली. तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं यांचं नाव, गल्ली, घराचा क्रमांक. खाली त्याच सुबक अक्षरात, "भेटल्यास कृपया घरी पोचवावे."

"हे आतून शिवून दे," म्हणाले. "खिशात नको. मी खिसा विसरेन."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. जाईना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला सुई दिसेना. मग मी उठले, पिशवी त्यांच्यासमोर उपडी केली आणि म्हटलं, "मी कापला. सकाळीच. तिथेच होता तो. मी खोटं बोलले."

त्यांनी एक बाही उचलली. तिच्यावरच्या बेकरीवरून बोट फिरवलं. मी मान खाली घालून उभी, की आता बरसतील. बरसावंच त्यांनी.

"इस्त्रीखालीच होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी ठेवला तिथेच?"

"हो हो, तिथेच."

आणि हा माणूस हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी. त्या थंडगार हातांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बरं झालं गं बाई, तू कापलास! मला वाटलं, मी गेलो आता." एवढ्यांदा म्हणाले, "बरं झालं," की मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आठ महिन्यांच्या कामाबद्दल अवाक्षर नाही. मी माफी मागत होते, आणि ते माझे आभार मानत होते.