चिठ्ठी नसलेली बाटली

आमच्या घरात विषाची ओळख नाकाने व्हायची. मखमलाबादच्या बाजूला आमची छोटी द्राक्षबाग होती आणि रोग-किडींवर फवारायच्या औषधांच्या बाटल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एका फळीवर असायच्या. ओल्या हातांनी त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या केव्हाच धुऊन निघालेल्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, झाकण काढत, बाटली थेट नाकाला लावत आणि सांगत, "हे भुरीचं." दुसरी लावत, "हे तुडतुड्याचं." कधी चुकत नसत. मला त्याचा केवढा अभिमान! नववीत जाईपर्यंत चार बाटल्या मीही डोळे मिटून ओळखायचे.

ही विद्या शाळेत मिरवायला गेले आणि तोंडावर आपटले.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. आमची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिपायांना सगळे मामा म्हणत. मूळचे कळवणकडचे, बोलायला फटकळ. मुलीची वेणी लोंबताना दिसली की तिला दारातूनच परत पाठवायचे. "पेटत्या दिव्याला केस कळत नाय," असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी फळीवरच्या एका तपकिरी बाटलीची चिठ्ठी अर्धी गळून पडली होती आणि आत काय आहे यावर मुलींचा वाद चालला होता. मी म्हटलं, सरका. बूच काढलं, बाटली नाकाला लावली आणि आप्पांसारखा खोल श्वास घेतला.

आत अमोनिया होता. श्वास छातीतच अडकला, डोळ्यांतून धारा लागल्या. मामांनी एका हाताने बाटली धरली आणि दुसऱ्या हाताने मला ओढत व्हरांड्यात नेलं. मोकळ्या हवेत बसवलं, तोंडावर पाणी मारलं. माझा खोकला थांबू दिला. मग विचारलं, "हे असं हुंगायला कोणी शिकवलं?"

"आप्पांनी."

"ते काय हुंगतात?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण मामांनी हळूच विचारलं, "रोज?"

अमोनियाने मला एकदाच एवढं रडवलं, आणि आप्पा तर माझ्या जन्माच्या आधीपासून विष हुंगत होते.

मामांनी मग मला रीतसर शिकवलं. बाटली लांब धरायची आणि आरती घेतो तसा हाताने थोडा वास आपल्याकडे ओढायचा. तोही सरांनी सांगितलं तरच. चिठ्ठी डिंकाने चिकटवायची आणि वरून मेणबत्ती घासायची, म्हणजे ओघळ आला तरी अक्षर जात नाही. "आणि चिठ्ठी नाही ती बाटली आपली नाही," ते म्हणाले.

घरी जाऊन मी आप्पांशी भांडले. आधी समजावलं, मग ओरडले. मुळात माझा स्वभाव तापट, त्यात भीती. आप्पा हसले. "वीस वरसं झाली पोरी, काय झालं मला? तुझी शाळा तुझ्यापाशी ठेव." मी दोन वेळा जेवले नाही. आई म्हणाली, "बापावरच गेलीये, हेकट."

आणि दिवाळीनंतर एका सकाळी आप्पांनी स्वतःहून सगळ्या बाटल्या ओट्यावर आणून मांडल्या. "घे बाई, लिही तुझ्या चिठ्ठ्या." मी हरखून गेले. नव्या बाटल्यांची नावं त्यांनी दुकानातून विचारून आणली होती. जुन्या तीन-चार बाटल्यांत काय आहे असं विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, त्या नको वापरायला." मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, वरून मेणबत्ती घासली. त्यानंतर त्यांनी एकही बाटली नाकाला लावलेली मी पाहिली नाही. मामांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मला साऱ्या वर्गासमोर उभं केलं. मी बापाला सुधारलं! हा तोरा मी कॉलेजात, सासरी, सगळीकडे मिरवला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी माहेरी आले होते. आई देवळात गेली होती. घरात शिरले तर गॅसचा भपकारा. आप्पा चहाचं आधण ठेवून शेगडीजवळ उभे, हातात काड्यापेटी. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, शेगडीचं बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि त्यांना अंगणात आणून किंचाळले, "आप्पा, एवढा वास मारतोय, तुम्हाला कळत नाही?"

ते ओशाळून म्हणाले, "नाय कळत. लय वरसं झाली."

"किती?"

"तू चिठ्ठ्या लिहिल्या ना, त्याच्या जरा आधीपासून. बाटल्या वळखू येईनात मला. तू आपली हौसेनं लिहीत होतीस. म्हटलं, पोरीला वाटू दे बापानं ऐकलं."

म्हणजे मी कोणाला वाचवलंच नव्हतं. मी पोचायच्या आधीच जे जायचं ते गेलं होतं.

आज आप्पा नाहीत, बागही विकली. द्राक्षाच्या फुलोऱ्याला अगदी मंद, गोडसर वास असतो, सकाळच्या गार हवेतच कळतो. ज्या वर्षी मी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या हिवाळ्यात आप्पा मला रोज शाळेआधी बांधावर बोलवायचे आणि विचारायचे, "सुटला का गं वास?" मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. मी लांबूनच "सुटला, सुटला" म्हणून बस गाठायला पळायचे. एकदा तरी थांबायला हवं होतं. तो कसा आहे, ते त्यांना नीट सांगायला हवं होतं.