टायरवरचा ए

अमेरिकेतल्या गिला बेंडच्या वाळवंटात उन्हाळ्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. तिथे एवारिस्तोने उभा जन्म टायर बदलण्यात घालवला. गिऱ्हाईक आलं की तो आधी टायरच्या कडेवरचं अक्षर दाखवायचा.

"ए म्हणजे उष्णता सोसण्यात अव्वल, बी मधलं, सी जेमतेम पास. सी घालून भरधाव जाऊ नका, बाबांनो!"

लोक हसायचे आणि स्वस्तातलं सी घेऊन जायचे. कपाळ त्यांचं!

त्याच्या लेकीला, नोएमीला, वाळवंटापलीकडच्या ब्लाइथ गावातल्या इस्पितळात नोकरी लागली. त्याने तिच्या जुनाट गाडीला चारही टायर ए घातले, कोरे करकरीत. तिने अख्खं बिऱ्हाड गाडीत कोंबलं.

"अहो, मागून गाडी पार बसलीय," बायको सोकोरो म्हणाली. "थोडं सामान राहू दे की."

"ए आहेत गं! जाऊ दे तिला," तो ऐटीत म्हणाला.

दुपारी नोएमीचा फोन आला.

"अपा, पेट्रोलला थांबलेय. टायर नुसते भाजतायत! हवा मोजली तर काटा केवढा वर! म्हटलं, फुटतील. मग तुमच्यासारखी सोडली चारही टायरांची. फुस्स! आठवतं?"

आठवत होतं. लहानपणी ती त्याच्याशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या तापलेल्या टायरांची हवा सोडायची आणि खिदळायची. तेव्हा सगळेच तसं करत. पुढे त्याला कळलं, हवा मोजायची ती गार टायरची; तापल्यावर काटा चढणारच. तेव्हा हवा सोडली की टायर बसतो, आणखी तापतो, मग ए असला तरी काय उपयोग! त्याने ती सवय मोडली. पण तोवर नोएमी शाळेत रमली होती आणि तिला सांगायचं राहूनच गेलं.

"पोरी, थांब! हलू नकोस तिथून!"

"अपा, आवाज तुटतोय. निघालेय मी. पोचल्यावर करते."

पुन्हा फोन लागला नाही. दोघं पिकअप घेऊन निघाली.

"ए आहेत ना? मग काही होणार नाही, हो ना?" सोकोरो विचारत राहिली. त्याने पिकअपचा वेग आणखी वाढवला.

ब्लाइथच्या अलीकडे गाडी उलटून पडली होती. उशा, भांडी वाळूत विखुरली होती. पोलिसाने त्यांना बघून टोपी काढली. "ती जागीच गेली," तो म्हणाला. सोकोरो वाळूतल्या उशा एकेक करून गोळा करू लागली.

एवारिस्तो फुटलेल्या टायरापाशी गेला. चिंध्या झाल्या होत्या, कड तेवढी शाबूत. त्याने अंगठ्याने धूळ पुसली. ए.

"अख्ख्या गावाला अक्षर वाचायला शिकवलं गं मी," तो म्हणाला, "आणि पोरीला हवा सोडायला."