कपाळाला लावलेलं बोट

सन २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा. मुंबईच्या विमानतळावर मुलानं सांगून ठेवलेली चाकांची खुर्ची आली. मी बसलो नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस असा ढकलत ढकलत देश सोडत नसतो. मागून ही, माझी बायको, म्हणत होती, "अहो, बसा की. फुकटची मिजास." गावाकडच्यांनो, तिची बडबड तुम्हांला माहीत आहे. इकडं अमेरिकेत, मुलाकडं मॉरिसव्हिलला, वर्षभरात ती बंद पडली.

तिला स्ट्रोक आला. उजवा हात गेला, शब्दही गेले. वाचा परत यावी म्हणून थेरपीच्या बाई तिला खुणा शिकवायच्या. पाणी म्हणायचं तर डावा हात पेला धरल्यासारखा तोंडाशी न्यायचा; खुणेमागून शब्द येतो म्हणे. घरच्यांनीही बोलताना खुणा करायच्या. मी म्हणालो, "मला तोंड आहे."

"बाबा, ट्राय तरी करा," सून म्हणाली. केलं नाही.

एकदा बाईंनी माझा फोटो दाखवून तिला नाव विचारलं. हिनं कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं. बाईंनी लिहून घेतलं, नवरा ओळखत नाही, डोकं दुखतंय. मला ते फार लागलं. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि मीच पुसला गेलो? थेरपीला आत बसणं मी सोडलं. घरी तिनं कपाळाला बोट लावलं की गोळी पुढं करायचो आणि गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. ती गोळी घ्यायची नाही, बोटही काढायची नाही.

थेरपीलाच हाँगकाँगचे एक काका यायचे, कँटोनीज बोलणारे. त्यांचीही वाचा गेलेली. चहा ओतला की दोन बोटांनी टेबल ठोकायचे. बाईंना वाटलं, चिडलेत. त्यांची बायको म्हणाली, आमच्यात हे आभार असतात. सुनेनं गाडीत हसत हसत सांगितलं. मला हिचं कपाळावरचं बोट आठवलं.

उखाण्यापलीकडे माझं नाव हिनं कधी घेतलं नव्हतं. बायकांत माझा विषय निघाला की कुंकवाला बोट लावायची, म्हणजे मी. हॉस्पिटलात कुंकू पुसलं, पण बोटाला जागा ठाऊक होती. चार महिने ती मला हाक मारत होती.

घर कुठलं, असं तुम्ही फोनवर विचारता. कऱ्हाडचं मी बांधलेलं कुलपात आहे, इथलं मुलाचं आहे. माझं म्हणाल तर ती बसते तेवढा कोपरा.

गाडीतल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कपाळाला बोट लावलं. मी समोर बसलो, माझं बोट माझ्या कपाळाला लावलं आणि ओ दिली.