वाईनची बिस्किटं

आष्ट्यात बचत गटाचं प्रदर्शन होतं, तेव्हा मी पहिल्यांदाच वाईनची बिस्किटं मांडली. मैदा, साखर, तेल आणि आमच्याच भागातल्या द्राक्षांची लाल वाईन घालून ती घरच्या ओव्हनमध्ये भाजली होती. पाटीवर तसं ठळक लिहिलंही होतं.

गटाच्या अध्यक्षबाई टेबलाशी आल्या. "अगं, नुसतं द्राक्षाची बिस्किटं लिही की. कुणाला कळतंय?"

"जो वाईन घेत न्हाई त्याला कळायलाच पाहिजे," मी म्हणाले. "फसवून कुणाला खायला घालणार न्हाई मी."

"मग टेबल उचल."

मी टेबल उचललं आणि फाटकाबाहेर रस्त्याकडेला मांडलं. तासभर कुणी फिरकलं नाही. मग माझे सासरे आले. त्यांनी फौजेत आयुष्य काढलं, पण दारूला कधी शिवले नाहीत. त्यांनी पाटी सावकाश वाचली. बिस्किट घेतलं नाही, पण समोरच्या दुकानातून खुर्ची आणली आणि माझ्याशेजारी बसले.

"पोरी, तू बस हितंच. कुणी उठवायला आलं तर मी बोलतो."

कुणी आलं नाही. हळूहळू गिऱ्हाईक थांबायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत दोन डबे संपले.

पुढच्या प्रदर्शनाला गटानं मला बोलावलं नाही. आम्ही दोघं फाटकाबाहेर जाऊन बसलो.